डाव्या हातातली थापी

माझी मुलगी सुवर्णा पुण्यात खेळ तयार करते. मैदानावरचे नव्हेत, डोळ्यांवर जाड चष्मा चढवून ज्यांच्या आत शिरायचं असतं ते. तिची आई सोजर वारली त्याला दीड वर्ष झालं होतं, तेव्हा ती असाच एक चष्मा घेऊन पळसगावला आली. ते २०३९ साल होतं.

"आप्पा, दोन हजार वर्षांपूर्वीचं आपलं गाव बघायचं का?"

मी म्हणालो, "आत्ताचंच बघवत नाही."

तरी तिनं तो माझ्या डोळ्यांवर चढवलाच.

खेळाचं नाव होतं 'तगर'. तेरणेच्या काठी सातवाहनांच्या काळी या नावाचं मोठं बाजाराचं गाव होतं आणि इथलं कापड समुद्रापार जायचं, हे मला सुवर्णानंच सांगितलं. आमच्या पळसगावाबाहेरही पांढरीचं टेकाड आहे. जुनं गाव गाडलं गेलं की त्याची माती पांढरट होते, तसलं. पाऊस उघडला की त्याच्यावर खापरं वर येतात. लहानपणी आम्ही ती तळ्यात फेकायचो.

खेळातलं गाव खरोखर छान होतं. बैलगाड्या, हत्ती, मण्यांची दुकानं. लोहाराच्या भट्टीजवळ गेलो तर तोंडाला धग लागल्यासारखं वाटलं. मग एक बाई कमरेवर मडकं घेऊन नदीकडे चालली होती, मी तिच्या मागे गेलो. मी जातीनं आणि धंद्यानं कुंभार. माझा डोळा आधी मडक्याकडे जातो. मडक्याचा तळ सपाट, फुलझाडाच्या कुंडीसारखा. तीन दगडांच्या चुलीवर ते बसणार कसं? बाईनं मडकं नदीत बुडवलं, भरलं, आणि रिकामं असताना जशी लचकत आली होती तशीच लचकत परत निघाली. पाणी डचमळलं नाही. अंगभर सोनं, कपाळावर घाम नाही. घराच्या दारात पोचली, क्षणभर उभी राहिली आणि पुन्हा नदीकडे वळली. मी तीन खेपा मोजल्या.

"ही खाली कधी बसते गं?" मी चष्म्याच्या आतून विचारलं.

सुवर्णा म्हणाली, "बसत नाही, आप्पा. तिला बसायची हालचालच दिलेली नाही."

तिनं मला समजावून सांगितलं. खेळातल्या प्रत्येक माणसाला हालचाली आधीपासून देऊन ठेवाव्या लागतात. 'तगर'मधल्या पुरुषांना एकशे चाळीस हालचाली होत्या. लढणं, चढणं, घोड्यावर बसणं, घासाघीस करणं, घण मारणं, आजारी पडणं. बायकांना अकरा. चालणं, पाणी भरणं, नाचणं, हसणं, किंचाळणं, पडणं.

"पडणं कशाला?"

"मरायला. नायकाची बहीण पहिल्याच भागात मरते. त्याशिवाय त्याला राग कसा येणार?"

"आणि राणी? राणी असेलच की."

"आहे ना. ती गच्चीत उभी असते."

"ती तरी बसते का?"

"सिंहासन आहे तिच्या मागं. पण बसता येत नाही तिला."

आम्ही दोघं हसायला लागलो. सोजर गेल्यापासून त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. हसता हसता सुवर्णानं चष्मा काढून घेतला आणि म्हणाली, "मी त्याच्यासाठीच आलेय, आप्पा. मला त्या गावात एक काम करणारी बाई हवीय. आमचे निनाद सर म्हणतात, पुरावा आण, मग ठेवू. पुरावा तुमच्याकडं आहे."

पुरावा म्हणजे मडकी, आणि ती कुणाच्या हातची ते ओळखणारं एक यंत्र.

यंत्राचं काम तिनं सांगितलं ते असं. ओल्या मातीवर बोट टेकलं की बोटावरच्या रेषा मातीत उतरतात. पुरुषाच्या बोटावरच्या रेषा थोड्या जाड, बाईच्या थोड्या बारीक. फरक शंभराला नऊ-दहा. पण माती वाळताना आणि भाजताना आक्रसते आणि ठसाही तिच्याबरोबर लहान होतो. किती आक्रसेल ते मातीमातीवर असतं. म्हणून नुसत्या ठशावरून हात कुणाचा ते खात्रीनं सांगता येत नव्हतं.

नवं यंत्र याच्या पुढे जात होतं. ते मडक्याच्या भिंतीतून क्ष-किरण पाठवून मातीचे कण कुठे वळलेत ते बघतं. चाकावर ओढलेल्या मातीत कण वर चढत्या वेटोळ्यात लागतात. लाकडी थापीनं चोपलेल्या मातीत ते चपटे होऊन एकावर एक बसतात. कोणती थाप आधी पडली, कोणती नंतर, कुठल्या बाजूनं, किती जोरानं, हे सगळं भिंतीत राहिलेलं असतं. यंत्र ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत जातं आणि मडकं घडवणारे हात पडद्यावर हलताना दाखवतं. फक्त त्याला आधी शिकवावं लागतं. त्याच मातीची, त्याच पद्धतीची आणि घडवणारा माहीत असलेली मडकी द्यावी लागतात. एकदा ती वाचली की यंत्र पांढरीतली खापरं वाचायला मोकळं.

"पांढरीची माती आणि तुमची माती एकच. आणि तुम्ही अजून थापी-गोट्यानं काम करता. असा माणूस या भागात दुसरा उरलेला नाही."

'करता' म्हणाली, ते मी तसंच सोडून दिलं. सोजर गेल्यापासून मी मोठं मडकं केलं नव्हतं. पणत्या करत होतो आणि चहावाल्यांसाठी कुल्हड. गुडघे धरतात, असं लोकांना सांगायचो.

घरात जुनी अकरा मडकी होती. माठ, डेरे, एक लहान रांजण. प्रत्येकाबरोबर एक कागद भरायचा होता आणि त्यात एक ओळ होती, 'घडवणाऱ्याचे नाव'. सुवर्णा गाडीत मडकी गवतात बसवत होती. मी ओट्यावर बसून अकरा कागदांवर माझं नाव लिहिलं. अंबादास कुंभार.

आपण काही खोटं लिहितोय असं मनातसुद्धा आलं नाही. आमच्यात चाक फिरवतो तो मडकं करतो. बाईनं चाकाला हात लावायचा नाही. ती माती मळते, राख आणि लीद मिसळते. चाकावरून उतरतं ते मडकं ठेंगणं असतं, जाड बुडाचं. दुसऱ्या दिवशी बाई ते मांडीवर घेते. आतून दगडी गोटा लावते, बाहेरून लाकडी थापीनं थापटते, आणि थापटून थापटून त्याचं पोट मोठं आणि पातळ करते. त्याला मडकं करणं म्हणत नाहीत. 'जरा हात फिरवणं' म्हणतात. माझा बाप तसंच म्हणायचा, मीही तसंच म्हणत आलो.

महिन्याभरानं सुवर्णाचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"पांढरीतली एकशे बारा खापरं वाचली, आप्पा. सगळी पुरुषांची निघाली. एकसुद्धा बाई नाही."

"मग आता?"

"मग काही नाही. सर म्हणाले, बघ, बायका पाणीच भरत होत्या. कुंभार ठेवलाय खेळात, पण पुरुष. हात तुमचे आहेत त्याचे. येऊन बघून तरी जा." मग म्हणाली, "मला वाटलं होतं आईसारखी एखादी असेल कुठंतरी."

मी पुण्याला गेलो. तिच्या ऑफिसात भिंतीएवढा पडदा होता. त्याच्यावर अंगणात एक कुंभार बसला होता. रुंद छाती, झुपकेदार मिशा, उघडे खांदे, दंडावर तांब्याचं कडं. माझ्या वडलांनाही असलं शरीर कधी मिळालं नव्हतं. मांडीवर मडकं. मला जरा बरंच वाटलं.

मग त्यानं हात हलवला.

आधी थापी मडक्याच्या काठावर दोनदा वाजवली. टक, टक. मग थापटायला लागला. थापी डाव्या हातात.

"मी उजवा आहे," मी म्हणालो.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसली होती, केतकी नावाची. ती म्हणाली, "हो काका, आम्हालाही वाटलं आरशासारखं उलटं लागलं म्हणून. तीनदा तपासलं. यंत्र डावाच म्हणतं."

कुंभार थापटत होता. लय अशी की पाय आपोआप हलावा. वीस-बावीस थापा झाल्या आणि तो थांबला. डावं कोपर वर उचललं आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं खांद्यावरून काहीतरी मागं सारलं. खांदा उघडा होता. तिथं सारण्यासारखं काहीच नव्हतं. पुन्हा थापटायला लागला. पुन्हा बावीस थापा, पुन्हा तेच.

केतकी हसली. "ही सवय आम्हाला कळलीच नाही. दर वेळी खंड पडतो आणि पुढची थाप खांद्याच्या उंचीवरून खाली येते. म्हणून यंत्र हात खांद्यापर्यंत नेतं. आम्ही म्हणतो, माशी हाकलतोय."

"माशी नाही," मी म्हणालो. "पदर आहे तो."

हात मातीनं भरलेले असले की सोजर मनगटाच्या मागच्या बाजूनं पदर सारायची. म्हणजे पदराला माती लागत नाही. डावरी होती. माझ्या आईनं त्यावरून तिला पहिली दोन वर्षं बोलून घेतलं, मग नाद सोडला. थापटायला बसण्याआधी काठावर दोनदा वाजवायची, मडकं कोरडं झालंय का ओलं आहे ते आवाजावरून बघायला. बत्तीस वर्षं मी ते चाकाच्या बाजूला बसून ऐकलं होतं. आता समोर एक मिशाळ गडी ते सगळं करत होता आणि मला त्याच्याकडून नजर काढता येईना.

सुवर्णा माझ्या शेजारी उभी होती. तिनंही ओळखलं होतं. खुर्ची ओढून बसली.

"आप्पा, आपली माती शंभराला सतरा आक्रसते, असं यंत्रानं काढलंय. तेव्हाच मला जास्त वाटलं होतं."

"सतरा? कोण म्हणतं? हातभर मडकं हवं असलं तर दोन बोटं वाढवून करायचं. माझा आजा तेवढंच सांगायचा. सतरा आक्रसली तर भाजायच्या आव्यातून निम्मी तडकलेली निघतील."

तिनं डोक्याला हात लावला. दोन बोटं म्हणजे हाताला आठेक टक्के. उरलेले नऊ माती आक्रसल्याचे नव्हतेच. ती बाईच्या आणि पुरुषाच्या बोटांतली तफावत होती. मी यंत्राला सांगितलं, या बारीक रेषा पुरुषाच्या. यंत्रानं मुकाट्यानं मानलं, म्हणजे मातीच फार आक्रसत असणार असं गणित केलं, आणि मग तेच गणित पांढरीतल्या प्रत्येक खापराला लावलं. एका माणसानं अकरा कागदांवर आपलं नाव लिहिलं आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या सगळ्या कुंभारणी पुरुष होऊन गेल्या.

"तुला तरी कळायला हवं होतं," मी म्हणालो. "तू रोज बघायचीस तिला."

"बघायचे. आणि शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचे माहितीये? वडील, कुंभारकाम. आई, घरकाम." ती पडद्याकडेच बघत होती. "दर वर्षी लिहिलंय, आप्पा. सुंदर अक्षरात."

निनाद सर भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला पाण्याचा ग्लास पुढे केला.

"काका, यंत्र परत चालवायला आमची हरकत नाही. पण आधीचा निकाल आम्ही इतिहासाच्या तज्ज्ञांना पाठवलाय, जाहीरही केलाय. तो बदलायचा तर तुमचं लेखी निवेदन लागेल. नावासकट छापलं जाईल. आणि तुम्हाला राज्याचा पुरस्कार मिळालेला आहे, मोठ्या रांजणासाठी. लोक विचारतील. तुम्ही विचार करा. नाही म्हणालात तरी मी समजू शकतो."

मी खाली जाऊन चहा घेतला. सुवर्णा बरोबर होती. पण सही करा असं म्हणाली नाही. तेवढं तिचं आईसारखं आहे.

मी पुरस्काराच्या दिवसाचा विचार करत होतो. माझं नाव पुकारलं तेव्हा सोजर तिसऱ्या रांगेत बसलेली. नवं लुगडं, मांडीवर डब्याची पिशवी. टाळ्या वाजवताना तिचा डावा हात वर असायचा. घरी आल्यावर म्हणाली, फोटो मोठा करून लावा, दारातून आत येताना दिसला पाहिजे. मी लावला. त्या रांजणाचा काठ माझा होता, चार बोटं उंचीचा. कमरेइतक्या उंच रांजणाचं बाकी सगळं अंग तिनं पंधरा दिवस थापटून आणलं होतं. त्या फोटोत आपण नाही याचं तिला काही वाटलं का? मी विचारलं नाही. विचारायला सहा वर्षं मिळाली होती.

वर गेलो आणि लिहून दिलं. अकरा कागद नवे मागवले. 'घडवणाऱ्याचे नाव' या ओळीवर अकरा वेळा लिहिलं: काठ, अंबादास. बाकी मडकं, सोजर.

निनाद सरांनी कागद वाचले. "ठीक. बाई ठेवू. पण काका, खेळणाऱ्याच्या दृष्टीनं काही गोष्टी बघाव्या लागतात. वय थोडं कमी करू. कंबर जरा..."

"सर," सुवर्णा म्हणाली.

"बरं, कंबर राहू दे. पण बसलेली नको. उभी राहून थापटू दे. बसलेली बाई खेळणाऱ्याला दिसतच नाही. त्याच्या नजरेच्या खाली राहते."

"मग त्यालाही बसवा," मी म्हणालो.

केतकीनं तिकडून मान वर केली. निनाद सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, "काका, नोकरी पाहिजे का तुम्हाला इथं?"

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. माझा चुलतभाऊ महादू पारावर बसला होता, तो मला बघताच सुरू झाला.

"काय अंबादास, ऐकलं ते खरं का? बायकोच्या हातची मडकी आपल्या नावानं खपवलीस म्हणं?"

"खरं आहे."

त्याला वाटलं होतं मी नाही म्हणेन. जरा अडखळला. "मग ती पुरस्काराची शालसुद्धा परत देणार का काय?"

"शाल तीच पांघरायची. थंडीत. मला कधी मिळालीच नाही."

पारावरचे हसले. महादूसुद्धा हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या घरीबी थापटायचं काम तिचंच होतं की. मला तर कधी गोटासुद्धा धरता आला नाही." मी त्याला म्हणालो, घरी जाऊन तिला हे सांग. सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी वहिनीनं माझ्याकडे कालवणाची वाटी पाठवली. वाटी परत द्यायला गेलो तर म्हणाली, "भावजी, पुन्हा कागद भरायचा असला तर मला बोलवा. माझं अक्षर चांगलं आहे."

यंत्राचा नवा निकाल दोन आठवड्यांनी आला. या वेळी सुवर्णानं फोन केला तेव्हा ती पहिलं मिनिटभर नुसतीच बोलत होती, मला काही कळेना. एकशे बारा खापरांपैकी त्र्याण्णव मडक्यांच्या पोटाची होती. त्यातली ऐंशीवर बायकांच्या हातची. उरलेली एकोणीस काठांची होती आणि ती बहुतेक पुरुषांची.

"बहुतेक?" मी विचारलं.

"तीन नाहीत. तीन काठ बायकांच्या बोटांचे आहेत. चाकावर ओढलेले. पुन्हा पुन्हा तपासलं, आप्पा. त्या चाकावर बसलेल्या होत्या."

मी फोन घेऊन अंगणात गेलो. चाक तिथंच आहे, लिंबाखाली. लग्नानंतर तिसरं का चौथं वर्ष असेल, सोजर मला म्हणाली होती, मला फिरवू द्या एकदा. बघू तरी कसं लागतं हाताला. मी म्हणालो, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, लोक बाजाराला गेलेत, कुणी नाही गल्लीत. मी तरी नको म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही. असं आपल्यात पहिल्यापासून आहे, असं मी तेव्हा तिला सांगितलं होतं. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, ते मला तरी कुठं माहीत होतं?

"सुवर्णा," मी म्हणालो, "एक मागू का?"

"मागा."

मी तिला बाजाराच्या दिवसाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं. तिला ही गोष्ट माहीत नव्हती.

'तगर' दिवाळीच्या आधी बाजारात आला. सुवर्णानं माझ्यासाठी एक चष्मा आणून दिला आणि वापरायचा कसा ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. मी दुपारी जेवून अंगणात चष्मा चढवला.

गाव तेच होतं, पण जरा भरल्यासारखं वाटलं. नदीच्या वाटेवर बायका अजून होत्या, पण आता त्यांच्या डोक्यावर चुंबळ होती आणि भरलेलं मडकं घेऊन येताना मान ताठ व्हायची. मडक्यांचे तळ गोल. एक बाई मण्यांच्या दुकानात बसून तागडी धरत होती, आणि गिऱ्हाइकाशी भांडतही होती. राणी सिंहासनावर बसली होती. नायकाची बहीण अजून मरते, ते सुवर्णाला थांबवता आलं नाही. पुढच्या खेळात बघू, म्हणते.

कुंभारवाडा गावाच्या कडेला होता. लिंबाखाली ती बसलेली. पन्नाशीची, जाड मनगटांची, केसांत पांढरं. तोंड सोजरचं नाही. तेवढं मीच नको म्हणालो होतो. उभा होतो तोवर मला तिचं डोकं आणि मडक्याचा काठ एवढंच दिसत होतं. मी चष्म्यासकट खाली बसलो, आमच्याच अंगणात, तेव्हा ती पुरी दिसली. टक, टक. डाव्या हातात थापी. बावीस थापा आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं पदर मागं. या वेळी तिथं पदर होता.

मी काही बोललो नाही. कामात असताना तिच्याशी बोललेलं तिला चालायचं नाही.

खेळात दिवस भराभर सरतात आणि दर आठव्या दिवशी बाजार भरतो. मी वाट बघत बसलो. गल्ली रिकामी झाली. तिचा नवरा पाटी डोक्यावर घेऊन गेला. तिनं हात धुतले, इकडे तिकडे बघितलं, उठली, आणि चाकापाशी जाऊन बसली. दांडा घालून चाक फिरवलं आणि मातीच्या गोळ्यावर हात ठेवले. काठ वर यायला लागला. बोटं पांढरीतल्या त्या तिघींची होती. मध्येच कोपर वर उचलून पदर सारला, तो माझ्या सोजरचा.

काठ सरळ आला. पहिल्या फटक्यात एवढा सरळ काठ मला बापाच्या शिव्या खाऊनही महिनाभर जमला नव्हता. ती त्याच्याकडे बघून स्वतःशीच हसली. त्या हसण्याचं सुवर्णानं काय केलं होतं कुणास ठाऊक. बायकांना आधी दिलेल्या अकरा हालचालींतलं ते हसणं नव्हतं.

मी चष्मा काढून ठेवला. ऊन अजून होतं. माती मळलेली होती, पणत्यांसाठी. मी तीत आणखी राख मिसळली, चाक फिरवलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठं मडकं काढलं. जाड बुडाचं, ठेंगणं. ते सावलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सोजरची थापी खुंटीवरून काढली. उजव्या हातात धरली तर बसेना. मुठीला अंगठ्याच्या जागी खड्डा पडलेला, तो डाव्या हाताचा. मग डाव्या हातात घेतली. अंगठा त्या खड्ड्यात जाऊन बसला. काठावर दोनदा वाजवून बघितली, आवाजावरून काही कळलं नाही. तरी मांडीवर मडकं घेतलं आणि सुरुवात केली.

तिला एका मडक्याला दुपार लागायची. मला चार दिवस लागले, ओलं फडकं घालून घालून. एका बाजूला पोट जास्त सुटलंय, ठेवलं की जरा कलतं. आव्यातून मात्र न तडकता निघालं. आता पाण्याला तेच आहे. सुवर्णा आली की आधी हसते आणि मग त्यातलंच पाणी पिते. पाणी चांगलं गार होतं.

बुडाला ओल्या मातीत मी काडीनं नावं लिहिली होती. काठ, अंबादास. थापटणारा, अंबादास. थापी, सोजरची.